मूठ बघून वस्तरा

वस्तरा घ्यायला निघालेला माणूस आधी मूठ बघतो. पाती सगळी सारखीच चकाकतात, त्यामुळे डोळा जाऊन बसतो तो म्हशीच्या शिंगाच्या, शिसवीच्या किंवा हस्तिदंताची नक्कल करणाऱ्या प्लॅस्टिकच्या मुठीवर. प्रत्यक्ष दाढी करताना या मुठीचं काम काय, तर काहीच नाही. वस्तरा उघडला की मूठ मागे वळून वर जाते. तीन बोटं पात्याच्या मानेवर बसतात, करंगळी मागच्या वळलेल्या शेपटीवर टेकते, अंगठा खालून आधार देतो. जिच्यासाठी आपण जास्तीचे पैसे मोजले ती मूठ बिचारी कानाजवळ हवेत उभी. वस्तरा मिटला की धार झाकायची, एवढीच तिची नोकरी.

तरी आपण मूठच बघतो, कारण बाकीचं काही कळत नसतं. कळणार तरी कुठून? वस्तरा पाहिला तो न्हाव्याच्या हातात, आणि तोही तोंडाला फेस फासून, मान मागे टाकून, डोळे मिटून. गावी न्हावीकाका धोकटी घेऊन घरी यायचे. तिच्यात वस्तरा, कात्री, नराणी, तुरटीचा खडा, पाण्याची वाटी आणि चामड्याचा पट्टा. त्या एका वस्तऱ्यावर आळीभर दाढ्या व्हायच्या. याबद्दल मला काडीचंही हळवेपण नाही. नव्वदच्या दशकात एड्सची धास्ती पसरली, ‘नवीन ब्लेड लावा हं’ म्हणायची गिऱ्हाइकांना सवय लागली आणि तो सामाईक वस्तरा मागे पडला, हे फार बरं झालं. आता सलूनमधला कारागीर ब्लेड कागदासकट उभं दुमडतो, टक् असा आवाज येतो, कागद सोलून अर्धं पातं खाचेत सरकवतो आणि उरलेलं अर्धं त्याच कागदात गुंडाळून आरशाखाली ठेवून देतो. धार लावायची भानगडच मिटली. ज्याला धार लावावी लागते असा अख्ख्या पात्याचा वस्तरा आता एकाच माणसाचा असला तर बरा. म्हणजे तो घरातच हवा.

पण घरात तो कशासाठी हवाय, हे एकदा स्वतःला विचारून घ्यावं. नुसता दाढीला आकार द्यायचा असेल, म्हणजे गालावरची रेघ, कल्ल्यांची कड आणि गळ्याखालची हद्द राखायची असेल, तर खुशाल सलूनवाल्यांचा तो अर्ध्या ब्लेडचा वस्तरा घ्यावा. शे-दोनशे रुपयांत मिळतो, ब्लेड खराब झालं की फेकलं. रेघ मारताना फेस लावू नये, पारदर्शक जेल लावावं. फेसाखाली रेघ कुठे चालली आहे ते दिसतच नाही. आणि गळ्यावरची हद्द जबड्याच्या कडेवर आणू नये. कंठमण्याच्या वर दोन बोटं, तिथे ती थांबली पाहिजे. वर गेली की समोरून दाढी छान दिसते आणि माणूस हसला रे हसला की खालची हनुवटी वेगळी होऊन बाहेर येते. ऑफिसच्या ग्रुप फोटोंत अशी मंडळी सर्रास सापडतात. या स्वस्त वस्तऱ्याचा दोष एकच. ब्लेड ताठ, वजन नाममात्र, त्यामुळे हात जरा दाबला गेला तर तो चूक पोटात घालत नाही.

रोजची पूर्ण दाढी अख्ख्या पात्याच्या वस्तऱ्याने करायची असेल, तर ती हौस आहे असं सरळ कबूल करावं. वेळ वाचत नाही आणि सुरुवातीला पैसेही वाचत नाहीत. नव्या जर्मन वस्तऱ्याला दहा हजारांच्या वर मोजावे लागतात. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते असं.

मग मूठ सोडून बघायचं काय? पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागांत मोजतात. 4/8 चा वस्तरा नाकाखाली सुरेख फिरतो, पण फेसाने लगेच भरतो. 7/8 चा गालावरून ऐटीत उतरतो आणि मिशीपाशी येऊन अडतो. पहिला वस्तरा 5/8 चा, म्हणजे जेमतेम 16 मिलिमीटरचा घ्यावा. बाकीचे मोह नंतर. टोक गोल असावं. टोकदार पात्याने कल्ल्याची कड रेखीव निघते हे खरं, पण टोकाची पहिली गाठ पडते ती कानाच्या पाळीशी. पातं आडवं कापलं तर कसं दिसेल, हेही विचारावं. इंग्लंडातल्या शेफील्डचे जुने वस्तरे पाचरीच्या आकाराचे, जड आणि अबोल. सोलिंगनचे दोन्ही बाजूंनी चाकावर कोरून पोकळ केलेले, धारेकडे इतके पातळ की खुंटांवरून फिरताना बारीक खरखर ऐकू येते. नवख्याला याचा मोठा उपयोग. कोन बरोबर असला की आवाज एकसारखा येतो, पातं जास्त उभं झालं की तो बदलतो. आरशात न दिसणारं कानाला कळतं.

सोलिंगन हे जर्मनीतलं वुपर नदीकाठचं गाव. नदीच्या पाण्यावर फिरणाऱ्या चाकांवर तिथे शतकानुशतकं पाती घासली गेली. नावाचा इतका दबदबा की 1938 साली कायदाच करावा लागला: या गावच्या हद्दीत न घडलेल्या पात्यावर सोलिंगन हे नाव कोरायचं नाही. शेफील्डची गोष्ट तर आपल्या दारापर्यंत येते. तिथे 1740 च्या दशकात बेंजामिन हंट्समनने मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली. पण मुशीतलं पोलाद आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून होत होतं. मुंबईत असलेल्या डॉ. हेलेनस स्कॉटने 1794 च्या सुमारास त्या पोलादाचे, वूट्झचे, नमुने लंडनला, शास्त्रज्ञांच्या रॉयल सोसायटीचा अध्यक्ष जोसेफ बँक्स याच्याकडे धाडले. पुढे मायकेल फॅरेडे, हो, विजेवाला फॅरेडे, जेम्स स्टोडार्ट नावाच्या सुऱ्या-कात्र्या बनवणाऱ्या कारागिराबरोबर वूट्झचं कोडं सोडवत बसला, आणि त्या खटपटीतून निघालेल्या मिश्र पोलादाचे वस्तरे त्याने मित्रांना भेट दिले. त्या मित्रांपैकी किती जणांनी मूठ आधी बघितली असेल, असा एक चहाटळ प्रश्न मला पडतो.

नवा परवडत नसेल तर पुण्याचा जुना बाजार आहे, मुंबईचा चोर बाजार आहे. गंजक्या कुलपांच्या आणि बंद घड्याळांच्या ढिगात कधी कधी सोलिंगनचा शिक्का हाताला लागतो. घासाघीस करण्याआधी पातं उजेडात धरावं. मधल्या भागावरचे डाग चालतात, धारेलगतचे गंजाचे खड्डे चालत नाहीत. घासत गेलं की ते आत आत उघडत जातात. धार मधोमध आत गेलेली असेल तर सोडून द्यावा. आणि पाठ बघावी, तीच कोणी बघत नाही. वस्तऱ्याला धार लावताना पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकवतात. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी मिळून धारेचा कोन आपोआप ठरतो, हाताने धरावा लागतच नाही. मला तरी या सगळ्या अवजारातली ही सर्वांत हुशार गोष्ट वाटते. मागच्या मालकाने घासून घासून पाठच सपाट केली असेल, तर तो कोन गेला.

पट्ट्याशिवाय वस्तरा घेणं म्हणजे तबला घेऊन हातोडी न घेणं. दर दाढीआधी पातं चामड्यावर फिरवावं लागतं. केसांशी झुंजून वाकडी झालेली सूक्ष्म धार त्याने पुन्हा सरळ होते. पट्टा दाराच्या कडीला अडकवायचा, डाव्या हाताने ताणायचा, पातं सपाट टेकवायचं. पाठ पुढे, धार मागे. टोकाशी पोचलं की पाठ चामड्यावर ठेवूनच पातं तिच्यावरून उलटवायचं आणि परतायचं. धारेवरून उलटवलं की पट्ट्याला चीर. शिकाऊ माणसाच्या पट्ट्यावर अशा चिरा असतातच, म्हणून पहिला पट्टा स्वस्तातला असावा. वेगाचा सोस नको. पिक्चरमधला न्हावी सटासट हात चालवतो, त्याला चालवू द्यावा.

पट्टा धार राखतो, गेलेली आणत नाही. त्यासाठी दगड लागतात. 1000 नंबरपासून 4000, 8000 करत 12000 पर्यंत बारीक होत जाणारे. ही स्वतंत्र विद्या आहे आणि पहिल्या वर्षी तिच्या वाटेला जाऊ नये. नवा वस्तराही पुष्कळदा दाढीच्या लायकीची धार घेऊन येत नाही, म्हणून विकणाऱ्याला ‘दाढीची धार लावून देणार का?’ हा प्रश्न किमतीच्या आधी विचारावा. आमच्याकडे यावर सोपा तोडगा निघाला होता. ‘खाली धारवाला आलाय. विळी नि कात्री देतेय, तुझा वस्तरा पण देऊ का?’ अशी हाक स्वयंपाकघरातून आली आणि मी तोंडाला फेस असताना धावलो. धारवाल्याबद्दल माझी तक्रार नाही, विळी त्याने झकास केली. पण त्याच्या फिरत्या चाकावर पातळ पातं लगेच तापतं, आणि पोलादाला दिलेलं पाणी उतरलं की त्या धारेत राम राहत नाही.

पावसाळ्याचंही धरून चालावं. कार्बन पोलादाला धार सुंदर येते आणि गंजही तितक्याच आनंदाने चढतो. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये वस्तरा न्हाणीघरात ठेवू नये. पुसून, कोरडा करून, शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवून कपाटात. खोबरेल नको, ते चिकटून बसतं.

माझा भाचा हिंजवडीला नोकरी करतो. दाढी त्याची देखणी आहे, आणि तो स्वतः तसं म्हणतोही. त्याने वस्तरा घ्यायचं ठरवलं तेव्हा हे सगळं मी त्याला फोनवर सांगितलं. शिवाय सांगितलं की पहिले काही आठवडे फक्त गाल कर, हनुवटी आणि गळा जुन्या रेझरने. गळ्यावर केस प्रत्येकाचे वेगळ्या दिशेला वळतात, आधी बोटांनी चाचपून घे. गरम पाण्याने तोंड धू, कातडी ताण, पातं तीस अंशांवर धर, जोर अजिबात लावू नकोस. उजव्या हाताने डावा गाल करताना आपलाच हात आरशाच्या आड येतो, तेव्हा घाई करू नकोस. पाच अष्टमांश, गोल टोक, आधी पट्टा. तो मधे मधे ‘हं, हं’ करत होता. लिहून घेत असावा असं मला वाटलं.

‘सगळं कळलं मामा,’ तो शेवटी म्हणाला. ‘मग काळी मूठ घेऊ की हस्तिदंती? फोटो टाकलेत बघ.’

फोटो मी बघितले. काळी घे म्हटलं. हस्तिदंती जरा भपकेबाज वाटत होती.