आधी हिचे कान तपासले, मग माझा आवाज

गेल्या दिवाळीनंतर हिनं ठरवून टाकलं की आपल्याला कमी ऐकू येतंय. मी काही बोललो की दर वाक्याला "अहो, काय म्हणालात?" शेवटी कानांची तपासणी करून घेतली. कान अगदी ठणठणीत निघाले. तपासणारी मुलगी म्हणाली, "काकूंचं सगळं उत्तम आहे. काका, तुम्ही जरा बोला बरं माझ्याशी." आपल्याकडे कान तपासणारे आणि स्पीच थेरपी देणारे बहुधा एकच असतात, म्हणून दोष माझ्या आवाजात आहे हे तिच्या लक्षात आलं. ज्याचा आवाज आयुष्यभर शेवटच्या बाकापर्यंत पोचला, त्या मास्तरला 'आवाज बारीक झालाय' हे काही रुचलं नाही.

तिनं आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं. दुर्बिणीतून पाहिलं तर गाठ नाही, सूज नाही. फक्त 'आ' म्हणताना स्वरतंतू पूर्ण मिटत नव्हते, मधे बारीकशी फट राहत होती. वयानंही असं होतं, असं ते म्हणाले.

मग रेकॉर्डिंग. पंखा बंद, एसी बंद, माइक डोक्याला अडकवलेला, म्हणजे तोंडापासूनचं अंतर बदलायला नको. एका श्वासात, जोर न लावता 'आऽऽ' ताणायचा. खालून भंगारवाला ओरडला, ती 'आ' बाद. पुन्हा करा. 'आ' का, तर त्यात भाषेचा अडसर नाही. मराठी माणसाचा आणि इंग्रजाचा 'आ' एकाच फूटपट्टीनं मोजता येतो. त्यानंतर 'प-ट-क, प-ट-क' भराभर म्हणायचं. सुरुवातीचे ठसठशीत आले, पुढे 'ट' आणि 'क' यांचा पार काला झाला. हे मलाही ऐकू आलं. मग एक उतारा वाचला आणि कालचा दिवस कसा गेला ते सांगितलं.

विश्लेषण 'प्राट' नावाच्या सॉफ्टवेअरवर झालं. ॲमस्टरडॅमच्या विद्यापीठातलं आहे, फुकट मिळतं. पुरुषाचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला साधारण 100 ते 150 वेळा कंप पावतात. दोन लागोपाठच्या कंपनांच्या वेळेत किती फरक पडतो तो जिटर, आणि आवाजाच्या जोरामध्ये किती पडतो तो शिमर. जिटर 1.04 टक्क्यांच्या आणि शिमर 3.81 टक्क्यांच्या आत हवा, असं मी इंटरनेटवर वाचून गेलो होतो. ती म्हणाली, "काका, ते आकडे दुसऱ्या यंत्राचे आहेत, त्यांना चिकटून बसू नका." माझे दोन्ही आकडे काठावरच होते. तिला खटकलं ते वेगळंच. वाचताना स्वरात चढउतार जवळजवळ नव्हता आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी आवाज विरत होता. पार्किन्सन या मेंदूच्या आजारात हालचाली लहान होत जातात. हाताच्या होतात तशाच छातीच्या, स्वरयंत्राच्या आणि जिभेच्याही. हात थरथरत नसले तरी हा आजार असू शकतो, असं सांगून तिनं न्यूरॉलॉजिस्टना चिठ्ठी दिली.

त्या आठवड्यात मुलानं बरंच वाचून काढलं. तो कॉम्प्युटरवाला. मॅक्स लिटल या इंग्रज गणितज्ञानं 2012 साली आवाजावरून पार्किन्सन ओळखता यावा म्हणून फोनवरून जगभरातले आवाज गोळा करण्याचा उपक्रम काढला होता. त्याआधी ऑक्सफर्डमध्ये त्यानं 31 जणांचे 195 आवाज अभ्यासले होते. त्यातले 23 जण रुग्ण. ही माहिती सगळ्यांना खुली आहे, त्यामुळे हौशी विद्यार्थी ती कॉम्प्युटरला शिकवून 'आजार अमुक टक्के अचूक ओळखतो' असे प्रकल्प करत असतात. मुलगा म्हणाला, "बाबा, 195 पैकी 147 आवाज रुग्णांचेच आहेत. डोळे मिटून सगळ्यांना आजारी म्हटलं तरी 75 टक्के बरोबर! शिवाय शिकवताना आणि परीक्षेत त्याच माणसाचे आवाज आले, तर मशीन आजार ओळखत नाही, माणूस ओळखतं." विद्यार्थ्याला आधीच फुटलेला पेपर देण्यातलाच हा प्रकार. मला पटलं. बसलेला घसा, सिगारेट, म्हातारपण, सगळ्यांनीच हे आकडे हलतात.

न्यूरॉलॉजिस्टनी अहवाल चाळला आणि बाजूला ठेवला. अंगठ्यावर तर्जनी भराभर आपटायला लावली. उजवी हळूहळू मंदावली, आपटणंही लहान होत गेलं. मनगट फिरवून ताठरपणा पाहिला. चालायला लावलं, उजवा हात झुलत नव्हता. वास कमी येतो का, झोपेत ओरडता का, असंही विचारलं. फोडणीतल्या हिंगाचा वास येत नाही, हे हिनंच सांगितलं. पार्किन्सनचं निदान तिथे झालं, या तपासणीवर. "आवाजावरून मी निदान करत नाही. पण एरवी तुम्ही इतक्या लवकर माझ्याकडे आला नसता," एवढं मात्र ते म्हणाले.

लेवोडोपाच्या गोळ्यांनी हात मोकळा झाला, आवाज फारसा नाही; बऱ्याच जणांचं असंच होतं म्हणे. आवाजासाठी एलएसव्हीटी ही थेरपी घेतली. चार आठवडे, आठवड्यातून चार दिवस, रोज तासभर, आणि सूचना एकच, मोठ्यानं बोला. मला वाटायचं मी खेकसतोय. रेकॉर्डिंग ऐकवलं की तो साधा बोलण्याचा आवाज निघायचा. या आजारात आपलाच आवाज आपल्याला नीट जोखता येत नाही, म्हणून मोजमापाचा खरा उपयोग मला इथे झाला. थेरपीच्या शेवटी त्याच माइकवर, तेवढ्याच अंतरावरून पुन्हा रेकॉर्डिंग केलं. जोर वाढला आहे, वाक्याचा शेवट ऐकू येतो. चढउतार अजून सपाटच आहे. त्यासाठी सध्या रोज सकाळी वर्तमानपत्रातला अग्रलेख मोठ्यानं वाचतो. ही म्हणते, बातम्या वाचा, अग्रलेख नको.