भाव पडावा म्हणून देव पाण्यात

बाबा गेल्यावर त्यांच्या कपाटात पिशवीत गुंडाळलेली तीन शेअर सर्टिफिकिटं सापडली. एक 100 शेअरचं, दोन 500-500 ची. पहिल्यावर छापलं होतं, दर्शनी मूल्य 10 रुपये. मी मनात गुणाकार केला, हजार रुपये, आणि पिशवी परत ठेवून दिली. शेअर बाजाराचं माझं ज्ञान तेव्हा एवढंच.

ताईनं नाशिकहून फोनवर वेड्यात काढलं. दर्शनी मूल्य हा कंपनीच्या वहीतला आकडा, बाजारभावाशी त्याचा काय संबंध? मग उलगडलं. 10 रुपयांच्या एका शेअरचे 2 रुपयांचे पाच झाले होते, म्हणजे 100 चे 500. त्यावर एकास एक बोनस, म्हणजे दर शेअरमागे आणखी एक फुकट. पहिलं सर्टिफिकीट आता नुसता कागद, खरे शेअर 1000. (तुकडे पडले की भावही त्याच प्रमाणात उतरतो, बोनसचंही तसंच. त्यानं कुणी श्रीमंत होत नाही.) भाव होता 470. चार लाख सत्तर हजार!

एप्रिल 2019 पासून कागदी शेअर दुसऱ्याला विकून त्याच्या नावावर करता येत नाहीत. वारसाच्या नावावर होतात, पण ते डीमॅटमध्येच, म्हणजे शेअर ठेवायच्या इलेक्ट्रॉनिक खात्यात. त्यासाठी आयएसआर-5 हा अर्ज. नामनिर्देशन नसेल आणि एका कंपनीच्या कागदी शेअरची किंमत अर्जाच्या दिवशी 5 लाखांपर्यंत असेल, तर प्रतिज्ञापत्र, हमीपत्र आणि बाकी वारसांची नाहरकत यावर भागतं. त्यापुढे गेलं की कोर्टाच्या उत्तराधिकार प्रमाणपत्रासारखा कागद लागतो. आम्ही 30 हजारांनी आत होतो.

कागद जमवून अर्ज रजिस्ट्रारकडे, म्हणजे कंपनीच्या शेअरधारकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे, पाठवला. दीड महिन्यानं अख्खा गठ्ठा परत आला. कारण? सर्टिफिकिटावर आडनाव आधी आणि दत्तात्रयच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी एक 'ए' जास्त. मृत्यूच्या दाखल्यात तो 'ए' नाही. चूक काढली ती बरोबरच, पण तेवढा एक कागद मागवता आला नसता? दोन्ही नावं एकाच माणसाची असं प्रतिज्ञापत्र करायला पुन्हा मुद्रांक, पुन्हा नोटरी, आईचे गुडघे आणि तीन जिने. तोवर भाव 512 झाला होता.

रजिस्ट्रारच्या ऑफिसात फोन केला. "साहेब, आजच्या भावानं पाच लाखांच्या वर जातंय."

"अहो, पण पहिला अर्ज केला तेव्हा 470 होता!"

"तो अर्ज परत केलाय ना."

असे चार फोन. चारही वेळा माणूस वेगळा, उत्तर तेच. घरात शेअर असताना त्यांचा भाव पडावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेला मी बहुधा पहिलाच.

त्या रिकाम्या आठवड्यांत मी शिकलो. कंपनीचा दर शेअरमागे वर्षाचा नफा 16 रुपये. 512 भागिले 16, म्हणजे लोक नफ्याच्या 32 पट मोजत होते. त्याच धंद्यातल्या बाकीच्या कंपन्या पंचवीस-सव्वीस पटीत मिळत होत्या. म्हणजे आमच्या कंपनीकडून लोकांची अपेक्षा फार मोठी. तिमाही निकाल आले, नफा वाढलेला, आणि भाव धाडकन खाली! अपेक्षेपेक्षा कमी वाढला, बस्स. 478 ला बंद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळीच आयएसआर-5 वर तारीख टाकून गठ्ठा स्पीड पोस्टानं पाठवला.

हे आधी सांगायला हवं होतं: लाभांश (कंपनीच्या नफ्यातला शेअरमागे मिळणारा वाटा) ज्या बँक खात्यात जमा होतो ते घाईनं बंद करू नका. सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नाही, तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे जातात आणि तिथून सोडवायचा अर्ज निराळा. आणि पहिल्याच दिवशी सगळ्या कागदांवरची नावं अक्षर न् अक्षर जुळवून बघा.

पुढचं सुरळीत झालं. मंजुरीचं पत्र आलं, ते तेव्हा 120 दिवसांत डीमॅटवाल्याकडे द्यावं लागायचं. मी दुसऱ्याच दिवशी दिलं.

शेअर खात्यात दिसले त्या दिवशी भाव 531. ताईचा फोन, "बघितलंस का, वाढला!"

म्हटलं, "आता वाढू दे."