मिक्सर, दोन कार्बन आणि बाबांचा डबा

शनिवार, रात्री साडेदहा

आज मिक्सर चालू झाला. एवढं लिहायलाच वही घेतलीये, बाकी दिवसाचं उद्या.

मंगळवारी दाण्याचं कूट करताना खालच्या जाळीतून निळ्या ठिणग्या दिसल्या, जळका वास आला आणि बंद. खालचं लाल बटण बघितलं, ओव्हरलोडने ट्रिप झाला असता तर ते बाहेर आलं असतं, पण ते आतच होतं. बाजूने हलकी थाप मारली तर दोन सेकंद फिरला आणि परत गप्प. बुधवारी सर्व्हिस सेंटरला घेऊन गेले. काउंटरवरच्या मुलाने उघडलासुद्धा नाही, नाकाशी धरून वास घेतला आणि म्हणाला, "मोटर गई मैडम, चौदह सौ पचास लगेंगे, इतने पुराने में पैसा मत डालो, नया ले लो।" आईने घेऊन दिलेला मिक्सर आहे हा, पंधरा दिवाळ्यांची चकली-अनारशाची तयारी याच्यावर झालीये. मला पैशाचा राग नाही आला, न बघता सांगितलं त्याचा आला.

तरी गुरुवारी सकाळी कचरागाडीचं गाणं ऐकू आलं तेव्हा मी मिक्सर उचलून दारापर्यंत नेला होता. आपल्याकडे गाडीला ई-कचऱ्याचा कप्पा वेगळा असतो, घरातला कचरा मी सहा प्रकारांत वेगळा करून देते आणि 2017 पासून इंदूर स्वच्छतेत पुढे आहे याचा मला मनापासून अभिमान आहे. पण हातात ते वजन घेऊन उभी राहिले आणि वाटलं, हा कचरा आहे असं ठरवलं कोणी, ज्याने झाकण काढलं नाही त्याने? गाडी पुढे गेली, मी मिक्सर परत आत आणला.

बाबांचा सिरीज बोर्ड माळ्यावरून काढला. मिल बंद पडल्यावर बाबा घरूनच दुरुस्तीची कामं करायचे, हा बोर्ड त्यांनी तेव्हा केलेला. एक लाकडी फळी, त्यावर होल्डरमध्ये 100 वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब, शेजारी सॉकेट, बल्ब आणि सॉकेट सिरीजमध्ये जोडलेले. आत शॉर्ट असला तर बल्ब फुल्ल पेटतो आणि घरची एमसीबी पडत नाही, आत कुठे तार तुटलेली असली तर बल्ब पेटतच नाही. आमचा बल्ब पेटला नाही, पण मिक्सरला थाप मारली की लुकलुकायचा. तिथेच मला कळलं की कुठेतरी कॉन्टॅक्ट सुटतोय, आणि ठिणग्या दिसल्या होत्या म्हणजे बहुतेक मोटरमधले कार्बन, करंट पोचवणारे ते छोटे तुकडे, संपलेत.

प्लग काढला आणि उघडला. खालचे चार स्क्रू, त्यातला एक रबराच्या पायाखाली लपलेला, तो सापडेपर्यंत मी झाकण नुसतं ओढत बसले होते. आत पंधरा वर्षांचं पीठ, मसाल्याची पूड आणि काळा भुगा. ब्रशने सगळं झाडलं. मिक्सरच्या मोटरमध्ये फिरणाऱ्या आर्मेचरला करंट पोचवायला दोन बाजूंनी दोन कार्बन दाबून बसवलेले असतात, मागे स्प्रिंग, ते घासत घासत झिजतात, झिजण्यासाठीच असतात. माझा एक जेमतेम 5 मिलिमीटर उरला होता, स्प्रिंग पुढे दाबायला काही राहिलंच नव्हतं. वाइंडिंगवर काळं कुठेच नाही, मल्टीमीटरने तपासलं तर कॉइलही तुटलेली नाही. मोटर गई म्हणे!

काल महाराणी रोडला गेले. इंदूरात इलेक्ट्रिकचं काहीही हवं असलं तर तिथे, हे मी बाबांचं बोट धरून शिकले, ते राजवाड्यापासून पायीच न्यायचे. दोन्ही जुने कार्बन कागदात गुंडाळून नेले होते, आणि मिक्सरच्या मागच्या पट्टीचा फोटोही काढला होता, कारण नुसतं मिक्सरचं नाव सांगून काही उपयोग नाही, एकाच कंपनीच्या तीन मॉडेलना तीन साइजचे लागतात. पहिल्या दुकानात एकाने हातात टेकवला, "चल जाएगा।" तिथेच जुन्याशेजारी धरून बघितला, रुंदीला थोडा जास्त. होल्डरमध्ये कार्बन स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे, अडकला तर स्प्रिंग ढकलणार कशी. तिसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्या दादांनी न विचारता मोजपट्टी काढली, तिन्ही बाजू मोजल्या, मागच्या शेकडो ड्रॉवरमधून एक ओढला आणि बरोब्बर जोडी काढून दिली. चाळीस रुपये. वर म्हणाले, "कपलर भी दिखाओ।" कपलर म्हणजे जारचं पातं फिरवणारा मोटरवरचा दातेरी तुकडा, तोही पिशवीत होताच, दात गोल झालेले. तो रबराचा मुद्दाम मऊ ठेवतात, जारमध्ये काही अडकलं तर आधी कपलरने मरायचं, मोटरने नाही. दादांनी जारच्या तळचाही बदलायला सांगितला, नव्यासोबत जुना झिजलेला बसवला की नवा लवकर जातो. दोन्ही मिळून सत्तर.

आज दुपारी सगळं बसवलं. आर्मेचरचा तांब्याचा भाग काळा पडला होता, शून्य नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवला (एमरी पेपर वापरायचा नाही, त्याची पूड करंट वाहून नेते) आणि खाचांतला भुगा जुन्या टूथब्रशने काढला. कपलरचे आटे उलटे असतात, सरळ फिरवून सुटतो, म्हणजे चालताना आपोआप घट्ट होतो. जुना काढताना पहिल्यांदा उलटं कळेना म्हणून जोर लावला तर शाफ्टच फिरत होता, मग खालच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर घालून धरला आणि सुटला. नवे कार्बन बसवल्यावर लगेच वाटायला घ्यायचं नाही, रिकामा थांबून थांबून चालवायचा, म्हणजे कार्बनचं टोक तांब्याच्या गोलाईला बसतं. पहिल्यांदा ठिणग्या आल्या, मला धस्स झालं, पण तिसऱ्या वेळी अगदी कमी. हे दारात उभे राहून बघत होते, म्हणाले, "आवाज आधीपेक्षा चांगलाय गं."

मला सत्यप्रकाश माथुरांची गोष्ट फार आवडते. सीमेन्समधले इंजिनिअर, बायकोचा जर्मन मिक्सर बिघडला आणि इथे दुरुस्त होईना, म्हणून त्यांनी आपल्या मसाल्याला, डाळ-तांदळाला पेलेल असा स्वतः बनवला, तोच सुमीत नावाने बाजारात आला. म्हणजे आपल्या घरातल्या मिक्सरची सुरुवातच एका न दुरुस्त होणाऱ्या मिक्सरपासून झालीये. आता केंद्र सरकारने राइट टू रिपेअरसाठी, म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी, 2022 च्या जुलैत समिती नेमली आणि डिसेंबरात पोर्टलही सुरू केलं, घरगुती उपकरणं त्यात आहेत, चांगलंच आहे. पण मला कंपन्यांकडून अजून साधं एक हवंय, पार्टवर साइज आणि नंबर छापा. म्हणजे दादांना पट्टी काढावी लागणार नाही, आणि ते दुकान बंद झालं तरी पुढच्या माणसाला कळेल. ते गेले तर ते ड्रॉवर कोण वाचणार, ही काळजी मला काल तिथे उभी असतानाच लागली.

संध्याकाळी आईला फोनवर मिक्सरचा आवाज ऐकवला. ती काही बोलली नाही थोडा वेळ, मग म्हणाली, कूट जाडसर ठेव, खिचडीला बारीक चांगलं लागत नाही.

मागच्या खोलीतला पंखा हाताने ढकलल्याशिवाय फिरत नाही, त्याचा कंडेन्सर गेलाय, त्यावर 2.5 मायक्रोफॅरड लिहिलंय. तोही सोमवारी आणेन. जास्तीचा बसवला की जोरात फिरतो असं सांगणारे आहेत, पण वाइंडिंग तापतं, तेवढाच आणायचा.

झोपायच्या आधी बाबांचा पत्र्याचा डबा उघडला. आत छोट्या छोट्या पुड्या, प्रत्येकीवर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी, कुणाच्या इस्त्रीचं थर्मोस्टॅट, कुणाच्या पंख्याचं बेअरिंग, साइज, तारीख. मी दोन्ही झिजलेले कार्बन पुडीत घातले, वर मिक्सरचं नाव, मॉडेल, मोजलेली साइज आणि आजची तारीख लिहिली, आणि त्यांच्या पुड्यांच्या शेजारी ठेवली.