नवव्या घरातली खाली

रविवारी दुपारी जेवण करून मी नुकताच आडवा झालो होतो, तेवढ्यात माडीवरून पत्र्याच्या डब्यात बटाटे ओतल्यासारखा आवाज येऊ लागला. वर जाऊन पाहतो तो भाचा लॅपटॉपसमोर बसलेला. "मामा, बीट बनवतोय, ऐका." पडद्यावर किक (मोठ्या ढोलाचा घुमणारा ठोका), स्नेअर (टाळीसारखा कडक ठोका) आणि हाय-हॅट (झांजेची टिकटिक) अशा तीन ओळी होत्या, प्रत्येकीत सोळा चौकोन, आणि त्यांतला जवळजवळ प्रत्येक चौकोन पेटलेला. नवशिक्याला रिकामे घर पाहवत नाही.

सोळा चौकोन पाहून माझी झोप उडाली. रोलँड या जपानी कंपनीच्या १९८० सालच्या टीआर-८०८ या ताल वाजवणाऱ्या यंत्रावर ओळीने अशीच सोळा बटणे होती, चार-चारांच्या चार रंगांत, ही माहिती भाच्याने पुरवली. चार-चारांचे ते चार विभाग आम्ही इंदूरच्या रामबागेत बोटांच्या पेरांवर मोजत असू, हे मी त्याला सांगितले. त्याने मान डोलावली, बहुधा वयाचा मान राखून.

रामबागेतल्या त्या तबल्याच्या क्लासात सतरंजीवर बसून आम्ही सहा-सात मुले हातावर टाळी देत सोळा मात्रांचा तीनताल म्हणत असू. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली, म्हणजे टाळीविना रिकामी मात्रा. गुरुजींचे सारे लक्ष त्या नवव्या मात्रेवर असे. खालीला हात उताणा होऊन हळूच बाजूला जायला हवा, आणि मी नेमका तेव्हाच त्या हाताने गुडघा खाजवला. "खाली भरलीस!" असे ओरडून त्यांनी मला तासभर नुसती खालीच दाखवायला लावली. नाना पानशांच्या पखवाजाचे आणि गायक उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या अतिविलंबित, म्हणजे फार संथ, झुमरा तालाचे हे गाव; त्या झुमऱ्यात दोन मात्रांच्या मध्ये सराफा बाजारात जाऊन गराडू खाऊन परत येता येईल, असे आम्हा पोरांना वाटे.

भाच्याला मी बहुतेक घरे पुसायला लावली. किक एक, पाच, नऊ आणि तेरावर; टाळीसारखा स्नेअर फक्त पाच आणि तेरावर; हाय-हॅट विषम घरांत, त्यातही एकाआड एक ठोका दबका. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एक घर सेकंदाच्या आठव्या हिश्श्याचे होते. बटाटे थांबले आणि पाय हलावा असे काहीतरी वाजू लागले. तेवढ्यावर गप्प बसलो असतो तर बरे झाले असते. पण तीनतालाच्या ठेक्यात नवव्या मात्रेच्या 'धा'नंतर 'तिं तिं ता' आणि तेराव्याचा 'ता' येईपर्यंत डाव्या हाताच्या डग्ग्याचा घुमारा नसतो, तो चौदाव्याच्या 'धिं'ला परततो. म्हणून तेराव्या घरातली किक उचलून चौदाव्यात ठेव, असा आग्रह मी धरला.

"मामा, नाचणाऱ्यांचे पाय अडखळतील."

"अडखळू देत."

त्याने किक हलवली, मान तिरकी करून चार आवर्तने ऐकली आणि काही न बोलता ती पुन्हा जागेवर ठेवली. बहुधा त्याचेच बरोबर असावे.

मी चहाला खाली निघालो. आमच्या जिन्याला सोळा पायऱ्या असल्यामुळे माझी सम, म्हणजे पुढच्या आवर्तनाची पहिली मात्रा, रोज नेमकी ओसरीच्या फरशीवर पडते. नववी पायरी तेवढी हलते. ती बसवून घ्यायचे गेली दोन वर्षे राहूनच जात आहे.