मोनॅकोत हरवलेले काका

दोन चौरस किलोमीटरच्या देशात माणूस हरवूच शकत नाही असं मी दर ग्रुपला हसत हसत सांगायचो, आता सांगत नाही.

मी टूर मॅनेजर, नीसहून 38 जण घेऊन मोनॅकोला आलेलो. बस लागते पार्किंग दे पेशरला, ते कड्याच्या पोटातच आहे, तिथनं लिफ्ट आणि सरकते जिने धरून वर आलं की थेट समुद्र म्युझियमपाशी निघतो. ग्रुपमधे एक एकाहत्तरीचे काका होते, मुंबईत आयुष्यभर लिफ्टचे मेकॅनिक. सगळे समुद्राचे फोटो काढतायत आणि हे त्या लिफ्टच्या दाराला कान लावून उभे! तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

मग कॅथेड्रल. मोनॅकोच्या राजाशी लग्न केलेली हॉलिवूडची नटी ग्रेस केली, तिची कबर बघायची सगळ्यांना घाई, पण दगडावर नाव लॅटिनमधे 'ग्रॅशिया पॅट्रिशिया' असं कोरलंय त्यामुळे निम्मे लोक पुढे निघून जातात, त्यांना हाताला धरून मागे आणावं लागतं. 11:55 ला राजवाड्यासमोर गार्ड बदलतात, पांढरे कडक युनिफॉर्म, छान वाटतं, पण उन्हात उभं राहून आपले लोक वैतागतात. तिथनं लोकल बसने मॉन्टे कार्लो, कसिनोच्या चौकात पाऊण तास मोकळा. (ह्या कसिनोत मोनॅकोच्या नागरिकांना खेळायला बंदी आहे, हे सांगितलं की हमखास कोणीतरी म्हणतं, "हुशार आहे राजा!")

पाऊण तासाने मोजले तर 37. काका नाहीत. फोन लागेना. मोनॅको युरोपियन युनियनमधे नाही, नेटवर्क वेगळं, आणि काकांच्या पॅकमधे मोनॅको नव्हतंच, त्यांनी फोन कधीच बंद पडल्यासारखा खिशात टाकलेला. आमच्या ड्रायव्हरचे तास ठरलेले, उशीर झाला तर तो गाडी हलवणार नाही, आणि मी घामाघूम होऊन फेरारींच्या रांगेत माणूस शोधतोय. कसिनोच्या पायऱ्या बघितल्या, बाग बघितली, चौकातल्या पोलिसाला फोटो दाखवला. काकू मात्र बाकावर बसून शांतपणे चिवडा खात होत्या. मला म्हणाल्या, "अहो, गाड्यांमधे काय शोधताय, जवळ लिफ्ट कुठे आहे ते बघा."

आणि खरंच, अख्खा देश उतारावर वसलेला असल्याने तिथे रस्त्यारस्त्याला सार्वजनिक लिफ्ट, फुकट. एकीतून वर, जिन्याने अजून वर, परत दुसरी लिफ्ट.

पन्नास मिनिटांनी माझा फोन वाजला. "अरे, मी वर आलोय, छान गल्ली आहे, पण इथे पाट्या जरा वेगळ्या दिसतायत." दिसणारच! काका चढत चढत बोसोलेला पोचलेले, म्हणजे फ्रान्समधे. तिथे फक्त रस्ता ओलांडला की देश बदलतो, ना चौकी ना गेट. आणि फ्रेंच नेटवर्क पकडल्याबरोबर फोन जिवंत झाला, म्हणून सापडले, नाहीतर मोनॅकोतच फिरत राहिले असते तर मी काय केलं असतं कोणास ठाऊक.

धावत वर गेलो, घेऊन आलो, खाली येताना प्रत्येक लिफ्टमधे मला ब्रेक आणि दोर समजावून सांगत होते. बस सुटली एक तास दहा मिनिटं उशिरा. बाकी मंडळी फुगलेली, काकूंनी काकांचा फोन घेतला आणि गॅलरी बघत बसल्या, जरा वेळाने म्हणाल्या, "राजवाड्याचा एक तरी काढायचा होतात."

काका म्हणाले, "त्याला लिफ्ट होती का?"