कायमचा अपात्र

मे महिना म्हणजे रक्तपेढीच्या तोंडचं पाणी पळवणारा. कॉलेजं बंद, लोक गावाला, आणि थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच. अशा मेमधल्या शिबिरात मी एका चांगल्या रक्तदात्याला परत पाठवलं.

मी समुपदेशक आहे. शिबिरात माझं टेबल चादरीच्या आडोशाला असतं, आणि सगळ्यात जास्त घाई माझ्याच टेबलावर करतात. लोक फॉर्म वाचत नाहीत. 'नाही'च्या रकान्यात वरून खालपर्यंत एकच रेघ ओढतात.

या दादांनी एकेक प्रश्न वाचून खूण केली होती. हिमोग्लोबिन आधीच झालं होतं. निळ्या कॉपर सल्फेटमध्ये रक्ताचा थेंब बुडाला की हिमोग्लोबिन पुरेसं; त्यांचा थेंब असा सरळ तळाला गेला की बघत राहावं. चोविसावं रक्तदान. आणि पुरुषांशी संबंधाच्या प्रश्नापुढे 'हो'.

"मॅडम, आजवर 'नाही' लिहीत आलो. गेल्या महिन्यात आईला सांगितलं. आता इथे कशाला खोटं लिहू? सहा वर्षं आम्ही दोघंच आहोत."

2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार त्यांना कायमचं अपात्र ठरवावं लागतं. सहा वर्षं एकच जोडीदार, हे लिहायला त्यात जागा नाही. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंड संहितेच्या कलम 377 मधून संमतीचे संबंध वगळले, तरी हा नियम राहिला. त्याला त्याच न्यायालयात आव्हान दिलं गेलं, तेव्हा पुरुषांशी संबंध असलेल्या पुरुषांत एचआयव्हीचं प्रमाण जास्त असल्याचं केंद्राने सांगितलं. ते प्रमाण खरं आहे. नुकताच झालेला संसर्ग पहिले काही दिवस कुठल्याच चाचणीत सापडत नाही. नॅटने, म्हणजे रक्तात थेट विषाणू शोधणाऱ्या चाचणीने, तो काळ कमी होतो, संपत नाही. म्हणून खाजगी प्रश्न विचारावेच लागतात, आणि ते विचारणं म्हणजे समलिंगीद्वेष, असं मी कधीच म्हणणार नाही.

पण त्यांच्या पाठोपाठ आलेल्या गृहस्थांच्या फॉर्मवर तीच एक रेघ होती. एकापेक्षा जास्त जोडीदारांचा प्रश्न मी तोंडी विचारला, तर भडकले. "घरंदाज माणसाला असलं विचारता?" त्यांचं रक्त घेतलं.

ब्रिटनने 2021 मध्ये आणि अमेरिकेने 2023 मध्ये सगळ्यांना सारखेच प्रश्न विचारायला सुरुवात केली. जोखीम वागण्यात असते, हे आम्हाला प्रशिक्षणातही शिकवतात. मग आमचा नियम माणूस कोण आहे एवढंच बघून का थांबतो?

दादा उठून गेले आणि आमच्या टेक्निशियनने त्यांची खुर्ची स्पिरिटने पुसली. दिवसभरात दुसरी एकही खुर्ची पुसली नव्हती. मी विचारलं तर म्हणाला, "काळजी म्हणून." हात कामाला इतका स्वच्छ की नवख्या दात्याचीही शीर एका टोचण्यात मिळते, आणि खुर्चीवरून काही लागत नाही, हे त्याला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. त्या पुसण्याला समलिंगीद्वेषच म्हणतात. तो मला लगेच ओळखू आला. माझ्या हातच्या 'कायमचा अपात्र' या शिक्क्याबद्दल मात्र अजून ठरत नाही.

जाताना दादांनी विचारलं होतं, "पुढच्या वेळी 'नाही' लिहू का?"

खोटं लिहा म्हणवेना, येऊ नका म्हणवेना. म्हटलं, नियम बदलला की मी स्वतः फोन करीन. त्यांना विचारून नंबर माझ्या डायरीत उतरवून घेतलाय.