सुती कागदाची प्रिंटरवर नोंद करताना: माझा अनुभव

गेल्या मे महिन्यात ताडोब्याच्या छायाचित्रांसाठी मी ३१० ग्रॅमचा (दर चौरस मीटरला) सुती मॅट, म्हणजे बिनचकाकीचा, कागद मागवला, तेव्हा कॅननच्या प्रो-१००० या १७ इंची प्रिंटरवर त्याची नोंद करणे, म्हणजे प्रिंटरला नव्या कागदाची ओळख करून देणे, हे अर्ध्या तासाचे काम असेल, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात चार दिवस आणि कागदाची निम्मी पेटी खर्ची पडली. चूक प्रिंटरची नव्हती. मी कामाचा क्रमच उलटा धरला होता.

कागदाचा नवा प्रकार शून्यापासून तयार होत नाही. कॅननच्या मीडिया कॉन्फिगरेशन टूल या सॉफ्टवेअरमध्ये यादीतील एखादा कागद आधार म्हणून निवडावा लागतो. मी घाईत चकचकीत कागद निवडला. परिणामी मॅट कागदासाठीच्या मॅट ब्लॅकऐवजी चकचकीत कागदासाठीची फोटो ब्लॅक शाई वापरली गेली आणि वाघाचे पट्टे राखेसारखे उमटले. जाड आर्ट पेपरचा आधार घेताच काळा रंग सुधारला, आणि मी लगेच रंगपट्ट्या छापून ओळखीच्या छायाचित्रकाराकडून त्यांचे मोजमाप करवून आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग अचूक उमटावेत म्हणून वापरायची फाइल) बनवून घेतले. इथेच माझे चुकले.

मोठी चित्रे छापू लागताच कडेला काळे ओरखडे दिसू लागले. नागपूरच्या धरमपेठेतील माझ्या खोलीत दिवसभर कूलर चालतो (बाहेर पारा ४५ अंशांवर असताना दुसरा इलाज नसतो), आणि त्या दमट हवेने कागदाच्या कडा उचलल्या जाऊन हेडला, म्हणजे शाई सोडणाऱ्या भागाला, घासत होत्या. शिवाय गडद भागात शाई जास्त झाल्याने कागदाला लाटा येत होत्या. मी हेडची उंची एकच पायरी वाढवली, कारण फार वाढवल्यास बारकावे पुसट होतात. शाईची कमाल मर्यादा घटवली. छपाईच्या दोन तास आधी कूलर बंद ठेवू लागलो.

ओरखडे गेले, लाटाही गेल्या, पण सावल्यांचे रंग बिघडले. प्रोफाइल हे केवळ कागदाचे नसते, तर त्या कागदावर ठरावीक प्रमाणात पडणाऱ्या शाईचे असते, त्यामुळे मर्यादा बदलताच जुने मोजमाप निरुपयोगी ठरले होते. संकोचून पुन्हा त्याच मित्राकडे पट्ट्या घेऊन गेलो.

सर्व जुळल्यावरही लॅपटॉपवर नव्या कागदाचे नाव दिसेना. नोंद प्रिंटरमध्ये पोहोचली होती, मात्र ड्रायव्हरमधील (लॅपटॉपवरून प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधील) कागदांची माहिती अद्ययावत करायची राहिली होती. ते काम मिनिटभराचे निघाले.